छोटी कौटुंबिक द्राक्षबाग आणि वायनरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा-बायको मिळून बाग लावायची, आपल्याच द्राक्षांची वाइन करायची आणि आपणच विकायची, असा विचार करणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आकडे लहान प्रमाणाचे आहेत. मोठ्या कारखान्याचं गणित वेगळं असतं.

आम्ही दोघंच आहोत. बाग किती लावावी?

जमीन किती आहे हे पाहून बाग ठरवू नका. तोडणीच्या आठवड्यात तुमच्या टाक्या आणि तुमचे हात किती माल पेलतील, त्यावरून ठरवा. बाकी कामं दोन दिवस पुढे ढकलता येतात, पिकलेला घड थांबत नाही.

हिशेब असा. 1 किलो द्राक्षांपासून 600 ते 700 मिली वाइन मिळते, म्हणजे 750 मिलीच्या एका बाटलीला साधारण 1.1 ते 1.25 किलो द्राक्षं लागतात. दोन ओळींत 2.5 मीटर आणि दोन वेलींत 1.25 मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी 3,200 वेली बसतात. वेलीला 2.5 किलो माल धरला तर 8 टन, म्हणजे सुमारे 5,200 लिटर वाइन आणि 6,900 बाटल्या. दोघांनी पहिल्यांदाच एवढं अंगावर घेऊ नये. अर्धा हेक्टर लावा. साडेतीन हजारांच्या आसपास बाटल्या नीट बनवणं आणि त्या सगळ्या विकणं हेच भरपूर काम आहे.

पैसा परत यायला किती वर्षं लागतात?

लागवडीनंतर पहिली दोन वर्षं फक्त खर्च. तिसऱ्या वर्षी थोडा माल धरता येतो, पूर्ण उत्पादन चौथ्या-पाचव्या वर्षी. त्यात वाइनचा वेळ मिळवा: साधी पांढरी वाइन तोडणीनंतर 6 ते 9 महिन्यांत बाजारात जाते, पिंपात मुरवलेली लाल वाइन दीड ते दोन वर्षांनी. म्हणजे स्वतःच्या बागेतल्या लाल वाइनचे पहिले पैसे लागवडीपासून पाचव्या वर्षाच्या आसपास दिसतात. एवढा काळ घर कशावर चालणार, हे लागवडीआधी कागदावर मांडा. शक्य असेल तर दोघांपैकी एकाचं बाहेरचं उत्पन्न चालू ठेवा.

मधल्या काळात दुसऱ्या बागायतदाराकडून एक-दोन टन वाइनची द्राक्षं विकत घेऊन वाइन करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. यंत्रं हाताखालून जातात, चुका कमी मालावर होतात आणि गिऱ्हाईक तयार व्हायला लागतं.

परवाने कधी काढायचे?

बांधकामाच्या आधी. द्राक्षं पिकवणं, मद्य बनवणं, साठवणं आणि विकणं यांच्या परवानग्या बहुतेक देशांत वेगवेगळ्या असतात, आणि इमारतीचा नकाशा, सांडपाण्याची सोय, लेबलवरचा मजकूर हे सगळं तपासलं जातं. नकाशा मंजूर होण्याआधी ओतलेला कोबा पुन्हा फोडावा लागू शकतो.

जमीन आणि पाणी कसं तपासायचं?

वरवरच्या मातीचा नमुना पुरत नाही. शेतात तीन-चार ठिकाणी 1 ते 1.5 मीटर खोल खड्डे घ्या आणि आत उतरून भिंत पाहा. कठीण थर कुठे आहे, मुळं कुठवर गेली आहेत, खाली चिकट निळसर-करडी माती आहे का, हे बघा. असा रंग दिसला तर तिथे पाणी साचतं, आणि वेलीला सतत ओले पाय चालत नाहीत. खड्ड्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशीही ते तसंच राहिलं तर आधी चर काढा, मग लागवडीचं बोला.

हलकी ते मध्यम, निचऱ्याची जमीन आणि 6 ते 7.5 सामू (पीएच) असेल तर उत्तम. वाइनच्या द्राक्षाला फार सुपीक जमीन अडचणीची ठरते. वेल पानांत जाते, घड सावलीत राहतात आणि रोग वाढतात. पाण्याची क्षारताही मोजून घ्या. विद्युत वाहकता मीटरला 1 डेसिसायमनच्या आत असेल तर काळजी नाही, 2 च्या वर असेल तर खुंट (ज्या मुळाच्या रोपावर वाणाचं कलम बांधतात तो) निवडताना तोच पहिला निकष.

खुंटावर कलम का करायचं? स्वतःच्या मुळांवर वेल चालत नाही का?

चालते, पण धोका मोठा आहे. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्समधल्या बागा उजाड केल्या. युरोपीय द्राक्षाची मुळं तिला बळी पडतात, अमेरिकी जातींची तग धरतात. म्हणून मुळं अमेरिकी आणि वर युरोपीय वाण, ही पद्धत जगभर रुजली. आता खुंट निवडताना कोरडी जमीन, क्षार, चुनखडी आणि सूत्रकृमी यांचाही विचार होतो.

110 आर आणि 1103 पॉलसन हे खुंट कोरड्या जमिनीत चांगले. 140 रुगेरी दुष्काळ आणि चुनखडी दोन्ही सोसतो, पण जोमदार आहे. डॉगरिज क्षार सहन करतो, मात्र त्याचा जोम इतका असतो की वाइनच्या बागेत पानं आवरताना दमछाक होते. रोपं प्रमाणित रोपवाटिकेतूनच घ्या. विषाणू असलेल्या डोळ्यांवरून बांधलेलं कलम पुढे कोणत्याही फवारणीने बरं होत नाही, वेल उपटावीच लागते.

कोणते वाण निवडावेत?

हवामानाला साजेसे आणि एकमेकांच्या दोन-तीन आठवडे पुढेमागे पिकणारे. छोट्या वायनरीत ही दुसरी अट फार मोलाची आहे. सगळा माल एकाच आठवड्यात आला तर टाक्या दुप्पट लागतात. एक लवकरचा पांढरा आणि एक उशिराचा लाल असेल तर तीच टाकी आणि तोच प्रेस दोनदा वापरात येतो.

उष्ण भागात शेनिन ब्लाँ आम्लता टिकवून धरतो, पण त्याचे घड घट्ट असतात आणि पावसात आतून सडतात. सिराह उष्णतेत चांगला रंग देतो. ग्रेनाश उन्हाला आणि कोरड्या हवेला सरावलेला आहे. कॅबर्ने सोव्हिन्याँची साल जाड, मणी लहान, कूज कमी, पण पिकायला वेळ घेतो. पिनो न्वारच्या मागे उष्ण भागात लागू नका. दोनपेक्षा जास्त वाण पहिल्या टप्प्यात नकोत.

तारांचा मांडव कसा करावा?

वाइनसाठी उभी भिंतीसारखी वाढ सोपी पडते. 2.4 मीटरचे खांब, 60 सेंटिमीटर जमिनीत, दोन खांबांत 6 मीटर अंतर. फळतार जमिनीपासून 80 ते 90 सेंटिमीटरवर, तिच्यावर फुटी (नव्या कोवळ्या फांद्या) अडकवायला तारांच्या दोन जोड्या. म्हणजे ओळीला पाच तारा. हेक्टरला 4 किलोमीटर ओळी होतात, तेव्हा तार 20 किलोमीटर लागते. खरेदीला जाताना हा आकडा हाताशी ठेवा.

मांडव कोसळतो तो नेहमी टोकाच्या खांबापासून. तो बाहेरच्या बाजूला कलता रोवून मागे नांगर-ताण दिलाच पाहिजे. ओळी उत्तर-दक्षिण धरल्या तर दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. फार उष्ण भागात दुपारनंतरचं ऊन घड भाजतं, म्हणून पश्चिमेकडची पानं काढू नका.

छाटणी किती आणि कशी?

थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात सुप्त होते, तेव्हा वर्षातून एकच छाटणी. उष्ण कटिबंधात ती आपणहून झोपत नाही, म्हणून दोन: काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि फळासाठी गोडी छाटणी. खरड छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. त्या काळात पानांची दाटी झाली, डोळ्यांवर ऊन पडलं नाही, तर गोडी छाटणीला घडांऐवजी बाळ्या (आधाराला गुंडाळणारे तंतू) निघतात. पुढच्या हंगामाचं पीक तिथेच ठरतं, आणि नवखे लोक नेमके याच काळात बागेकडे पाठ फिरवतात.

ओलांड्यावर (फळतारेवर आडव्या वळवलेल्या वेलीच्या हातावर) मीटरला सुमारे 15 फुटी ठेवा. 1.25 मीटरच्या अंतरात 18 फुटी झाल्या. त्यांवर शंभर-सव्वाशे ग्रॅमचे वीस-बावीस घड धरले की वेलीचे 2.5 किलो भरतात. प्रत्येक फुटीवर 12 ते 15 निरोगी पानं हवीत, त्याहून कमी असतील तर साखर चढत नाही.

तोल साधला का, हे कळण्यासाठी काटा पुरतो. छाटलेल्या काड्या वेलीनिहाय तोला. फळाचं वजन काड्यांच्या वजनाच्या 5 ते 10 पट असावं. 10 च्या वर गेलं तर वेलीवर ओझं जास्त झालं, पुढच्या वर्षी डोळे थोडे कमी ठेवा. 5 च्या खाली आलं तर वेल पानांत गेली, नत्र आणि पाणी कमी करा.

पाणी कधी तोडायचं?

फुलोऱ्यात ताण देऊ नका, मणी गळतात. मणी धरल्यापासून रंग येईपर्यंतच्या टप्प्यात हलका ताण द्यावा. मणी लहान राहतो, रसाच्या तुलनेत सालीचं प्रमाण वाढतं. ताण बसला का ते शेंड्याला विचारा: शेंड्याजवळची दोन कोवळी पानं हलकेच वर दुमडा. शेंडा पानांच्या वर डोकावत असेल तर वाढ जोरात आहे, पानांनी झाकला गेला तर वाढ मंदावली. खालची पानं पिवळी पडू लागली म्हणजे तुम्ही उशीर केला आहे.

कोणते रोग सगळ्यात जास्त नुकसान करतात?

डाऊनी (केवडा) आणि भुरी (पांढरी पूड धरणारा रोग). दोघांचे स्वभाव उलटे आहेत, म्हणून एकाच औषधाने काम भागत नाही. डाऊनीला पानावर पाणी लागतं: नवी फूट 10 सेंटिमीटरची झाली, 10 मिलिमीटर पाऊस पडला आणि तापमान 10 अंशांच्या वर राहिलं, की पहिली लागण होऊ शकते. भुरीला पाऊस लागत नाही. 20 ते 27 अंशांची सावलीतली दमट हवा तिला पुरते.

डाऊनीसाठी 1885 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी प्रसिद्ध केलेलं बोर्डो मिश्रण आजही उपयोगी आहे. 1 टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओता. उलटं करू नका. मग घासलेलं लोखंडी पातं मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, असं मिश्रण पानं जाळतं.

भुरीला गंधक चालतं, पण तापमान 32 ते 35 अंशांच्या वर गेलं की पानं आणि मणी भाजतात. तोडणीच्या किमान तीन आठवडे आधी गंधक पूर्ण थांबवा. सालीवर राहिलेलं गंधक टाकीत जाऊन कुजक्या अंड्यांचा वास देतं.

तोडणीचा दिवस कसा ठरवायचा?

रंग आल्यापासून आठवड्यातून एकदा आणि शेवटी दर दोन दिवसांनी 100 ते 200 मणी गोळा करा. वेगवेगळ्या वेलींवरून, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून आणि खालून. चांगले दिसणारेच मणी तोडण्याचा मोह होतो, आणि मग साखर प्रत्यक्षापेक्षा एक-दोन ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप, साधारण टक्क्यांत) जास्त दिसते. सगळे मणी पिशवीत चुरून रस गाळा आणि मोजा.

पांढऱ्यासाठी 20 ते 22 ब्रिक्स आणि सामू 3.1 ते 3.4, लालसाठी 23 ते 25 ब्रिक्स आणि सामू 3.3 ते 3.6. पण आकड्यावर थांबू नका. मणी तोंडात घ्या. बी हिरवी आणि चिकट असेल तर थांबा. तपकिरी, दाताखाली कडक फुटणारी आणि गरापासून सुटी होत असेल तर पिकली. साल चावून पाहा, गवताची चव जाऊन फळाची चव आली पाहिजे. उष्ण भागात साखर आधी पोचते आणि आम्ल झपाट्याने उतरतं. तिथे बी पूर्ण पिकण्याची वाट पाहत सामू 3.8 वर जाऊ देणं महाग पडतं.

तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. क्रेट उथळ, 15 ते 20 किलोचे. खोल टोपलीत खालचे घड फुटून रस तिथेच आंबायला लागतो.

कमीत कमी यंत्रसामग्री कोणती?

देठ वेगळे करणारा क्रशर, प्रेस, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, अन्नासाठीचा सौम्य पंप, थंड करण्याची सोय, साखर मोजायला हायड्रोमीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर, सामूमापक, आम्लता आणि मुक्त सल्फर (वाइन टिकवणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा न बांधला गेलेला भाग) मोजण्याचं साहित्य. पैसा कमी असेल तर क्रशर साधा घ्या, पिंपं नंतर घ्या, पण थंडाव्यात काटकसर करू नका.

लाल वाइनची टाकी तीन-चतुर्थांशच भरायची, कारण साली फुगून वर येतात. 1 टन द्राक्षांना 1,200 लिटरची टाकी धरा. झाकण वर-खाली सरकणाऱ्या एक-दोन टाक्या असाव्यात, अर्धवट भरलेल्या मालाला त्याच वाचवतात.

पांढरी आणि लाल, दोन्हींची प्रक्रिया थोडक्यात?

पांढरी: द्राक्षं थंड असतानाच प्रेस करा. रस 8 ते 12 अंशांवर रात्रभर स्थिर ठेवा, गाळ खाली बसतो. निवळलेला रस दुसऱ्या टाकीत घेऊन यीस्ट द्या आणि 14 ते 18 अंशांवर दोन ते चार आठवडे आंबू द्या.

लाल: देठ काढून साली-बियांसकट टाकीत. तापमान 24 ते 30 अंश. वर आलेला सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबा, नाहीतर तो तापतो, सुकतो आणि त्यावर व्हिनेगरचे जिवाणू बसतात. 7 ते 14 दिवसांनी प्रेस. त्यानंतर मॅलोलॅक्टिक बदल (जिवाणूंकडून तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होणं) 18 ते 22 अंशांवर पूर्ण होऊ द्या. तो संपल्याची चाचणी झाल्याशिवाय सल्फर देऊ नका.

यीस्ट 1,000 लिटरला 200 ते 250 ग्रॅम. दहापट पाण्यात, 37 ते 40 अंशांवर 15 ते 20 मिनिटं भिजवायचं. मग थोडा थोडा रस घालत त्याचं तापमान खाली आणायचं. यीस्टचं पाणी आणि टाकीतला रस यांत 10 अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर बरंच यीस्ट घातल्या क्षणी मरतं, आणि त्याचा परिणाम दहा दिवसांनी दिसतो.

सामू जास्त असेल तर टार्टारिक आम्ल आंबवण्याआधी घाला. लिटरला 1 ग्रॅमने सामू साधारण 0.1 ने उतरतो.

फर्मेंटेशन मध्येच अडकलं तर?

आधी कारण शोधा. नेहमीची चार कारणं: तापमान 35 अंशांवर गेलं, रसात नत्र कमी होतं, साखर फार जास्त होती, किंवा यीस्ट नीट भिजवलं नव्हतं. यीस्टला वापरता येईल असं नत्र लिटरला किमान 150, आणि 24 ब्रिक्सच्या रसात 200 मिलिग्रॅमच्या वर हवं. 1,000 लिटरला 300 ग्रॅम डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) दिल्याने ते लिटरमागे सुमारे 63 मिलिग्रॅम वाढतं. हे एक-तृतीयांश साखर संपेपर्यंतच द्या. नंतर यीस्ट ते घेत नाही, आणि उरलेलं नत्र बिघडवणाऱ्या जिवाणूंच्या पोटात जातं.

अडकलेल्या टाकीत नुसतं कोरडं यीस्ट टाकून काही होत नाही. अल्कोहोल सोसणारं यीस्ट वेगळ्या भांड्यात सुरू करा, त्यात अडकलेली वाइन दर काही तासांनी थोडी थोडी मिसळत त्याला सवय लावा, आणि ते जोरात चालू असताना टाकीत सोडा.

सल्फर किती द्यायचं?

सामू मोजल्याशिवाय याला उत्तर नाही. पांढऱ्या वाइनच्या रक्षणासाठी मुक्त सल्फर डायऑक्साइड सामू 3.2 ला लिटरमागे सुमारे 21 मिलिग्रॅम पुरतं, 3.4 ला 32, 3.6 ला 50 आणि 3.8 ला जवळजवळ 80. सामू वाढू न देण्याचं महत्त्व इथे कळतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये सुमारे 57 टक्के सल्फर डायऑक्साइड असतं, तेव्हा 1,000 लिटरमध्ये लिटरमागे 50 मिलिग्रॅमची भर घालायला 88 ग्रॅम पूड लागते. काही भाग वाइनमध्ये बांधला जातो, म्हणून दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. पूड जुनी झाली की तिचा जोर जातो. दरवर्षी नवीन घ्या.

वाइनला वाईट वास येतोय. काय झालं असेल?

कुजक्या अंड्यांचा वास: नत्र कमी किंवा गंधकाचा अंश. फर्मेंटेशन चालू असताना हवा देऊन वाइन फिरवली आणि पोषण दिलं तर बहुतेकदा जातो. दुर्लक्ष केलं तर तो लसूण-रबरासारख्या वासात बदलतो आणि मग निघता निघत नाही.

व्हिनेगर किंवा डिंक-पॉलिशचा वास: हवा लागली. टाकी-पिंपं काठोकाठ भरलेली हवीत. 225 लिटरचं ओकचं पिंप दर दोन-तीन आठवड्यांनी भरून काढा. चढलेला व्हिनेगरचा अंश घरगुती उपायांनी उतरत नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास: वायनरीत क्लोरीन वापरलं गेलं असेल. क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आले की टीसीए नावाचं रसायन तयार होतं, आणि ते अगदी सूक्ष्म प्रमाणातही वाइन मारतं. ब्लीच आवारातच ठेवू नका. आधी धुणं, मग परकार्बोनेटसारख्या अल्कलीने साफ करणं, मग सायट्रिक आम्लाने निष्क्रिय करणं, शेवटी पेरासेटिक आम्लाने निर्जंतुक करणं, हा क्रम पाळा.

वायनरीत जिवाला धोका कशाचा?

कार्बन डायऑक्साइडचा. हे उत्तर दोघांनीही वाचावं. 1 लिटर रस आंबताना 50 ते 60 लिटर वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, रंग-वास नसलेला, जमिनीलगत आणि टाकीत साचणारा. वायू काढणारा पंखा खाली, जमिनीजवळ लावा. मापक यंत्र कमरेला लावूनच आत जा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही डोकं घालू नका. जोडीदार टाकीत पडलेला दिसला तर आत उडी मारू नका. अशा अपघातांत दुसरा बळी वाचवायला गेलेल्याचा असतो. हवा सोडा, मदत बोलवा, आणि टाकीत कधीही एकट्याने उतरायचं नाही हा नियम आधीपासून ठेवा.

कामं कशी वाटून घ्यावीत?

बागेचा शेवटचा शब्द एकाचा, टाक्यांचा दुसऱ्याचा. सल्ला दोघांचा, पण फवारणी करायची की नाही यावर बांधावर वाद घालत बसलं तर पाऊस येऊन जातो. तोडणीची तारीख मात्र दोघांनी मिळून ठरवा, कारण ती बाग आणि टाकी दोन्हींची आहे. विक्री, हिशेब आणि परवान्यांची नोंदवही हे तिसरं पूर्ण काम आहे. ते कोणाचं, हे ठरलं नाही तर ते रात्री अकरानंतर होतं. प्रत्येक टाकीवर तारीख, तापमान, ब्रिक्स आणि काय घातलं याचा कागद लावा, म्हणजे एक आजारी पडला तरी दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

बाटलीत भरण्याआधी काय तपासायचं?

साखर लिटरला 2 ग्रॅमच्या आत, मॅलोलॅक्टिक पूर्ण, मुक्त सल्फर सामूप्रमाणे. यांपैकी काही अपुरं असेल तर 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरशिवाय भरू नका, बाटलीत पुन्हा आंबून बूच उडतं. पांढरी वाइन गढूळ होऊ नये म्हणून नमुना 80 अंशांवर काही तास तापवून थंड करून पाहा. ढगाळ झाला तर बेंटोनाइट (वाइन निवळवणारी माती) द्या, प्रमाण छोट्या बाटल्यांत आजमावून. टार्टारिकचे खडे टाळायला वाइन शून्याखाली, उणे 4 अंशांपर्यंत, दोन-तीन आठवडे ठेवावी. बूच लावल्यावर बाटल्या एक-दोन दिवस उभ्या, मग आडव्या.

सांडपाणी आणि चोथा यांचं काय करायचं?

1 लिटर वाइनमागे 3 ते 6 लिटर पाणी धुण्यात सहज जातं. ते आम्ल आणि साखरयुक्त असतं, ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. नाल्यावर जाळी बसवून साली-बिया अडवा, पाणी टाकीत साठवून चुन्याने सामू 6.5 च्या वर आणा, हवा द्या आणि परवानगी असेल तर गवताच्या पट्ट्याला द्या. टाक्या आधी रबरी खराट्याने निपटून मग धुतल्या तर पाणी खूप वाचतं. चोथा द्राक्षांच्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतका असतो. तो ताजा बागेत टाकू नका, चिलटं येतात आणि मातीत आम्लही जातं. शेण आणि पालापाचोळा मिसळून, दर दोन आठवड्यांनी पालटत चार-पाच महिने कुजवा, मग ओळीत द्या.